शब्दांची वेठ आणि सम्मावाचा

मराठीत एखाद्या माणसाशी बोलावयाचे झाले, तर त्याची पायरी ठरविल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही. ‘तू आलास’, ‘तुम्ही आलात’, ‘आपण आलात’ या तिन्हींत येण्याची क्रिया एकच आहे. बदलतो तो येणाऱ्याचा दर्जा. समोर नसलेला माणूसही या मोजमापातून सुटत नाही. ‘साहेब आले’ आणि ‘गडी आला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. हे माप कोण घेतो, आणि ते उलट घेण्याची मुभा कोणाला नसते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

भाषाव्यवहाराच्या आधुनिक अभ्यासात या विषयाची मांडणी ‘चेहरा’ या कल्पनेभोवती झाली. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५५ साली ती पुढे आणली. चारचौघांत वावरताना माणूस स्वतःची जी किंमत गृहीत धरतो आणि इतरांनीही ती मानावी अशी अपेक्षा करतो, तो त्याचा चेहरा. मराठीला ही कल्पना नवी नाही. आपले नाक कापले जाते, मान खाली जाते, तोंड दाखवावयास जागा उरत नाही. या सर्वांसाठी ‘आब’ हा जुना शब्द पुरेसा आहे व पुढे तोच वापरीन. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी १९७८ साली, आणि ग्रंथरूपाने १९८७ साली, या कल्पनेवर विनम्रतेचा सिद्धांत उभारला. त्यांच्या मते आबेला दोन अंगे असतात. कोणी आपल्यावर काही लादू नये, ही एक इच्छा. आपल्याला कोणी आपले म्हणावे, ही दुसरी. मागणी, आज्ञा, टीका यांनी समोरच्याच्या आबेला धक्का बसतो, म्हणून बोलणारा शब्द मऊ करतो. ‘पाणी आण’ऐवजी ‘जरा पाणी मिळेल का?’ असे म्हणतो. (पाणी मागण्याचे हे उदाहरण आमच्या वाचकांना निरुपद्रवी वाटणार नाही, याची जाणीव आहे.) शब्द किती मऊ करावयाचे, हे परस्परांतील अंतर, सत्ता आणि मागणीचे वजन या तिघांवरून ठरते.

लेव्हिन्सन यांनी तमिळनाडूतील खेड्याचा अभ्यास केला होता. जात त्यांना अपरिचित नव्हती. तरीही या सिद्धांताचा पाया असा आहे की, बोलणाऱ्या दोघांनाही आब असते आणि ती दोघांनीही गृहीत धरलेली असते. ज्या समाजरचनेने एका पक्षाची आब मुळात मानलीच नाही, तेथे काय होते? तेथे विनम्रता निवडली जात नाही. ती वसूल केली जाते. श्रमाची वेठ असते, तशी शब्दांचीही वेठ असते.

ही उपमा केवळ अलंकार नव्हे, हे पाहण्यासाठी डहाणू आणि तलासरीकडे वळू. आज पालघर जिल्ह्यात असलेला (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी स्थापन झाला) हा पट्टा १९४५ साली ठाणे जिल्ह्याच्या डहाणू आणि उंबरगाव तालुक्यांत होता. जमीन सावकार-जमीनदारांकडे, कसणारे वारली आणि इतर आदिवासी. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण नवरीसह सावकाराचा बांधील होई. त्याला ‘लग्नगडी’ म्हणत. मोबदल्यावाचून करावयाची वेठ निराळीच. आता वेठीची सुरुवात कशाने होते, ते पाहावे. ती हाकेने होते. जमीनदाराचा माणूस पाड्यावर येऊन ‘ए वारल्या’ म्हणतो आणि ज्याला हाक मारली तो हातातले काम टाकून निघतो. हाक एकेरी, जमातीच्या नावाने. तिला उलट प्रश्न नाही. म्हणजे शब्दांची वेठ आधी आणि अंगमेहनतीची नंतर.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे भरलेल्या परिषदेत हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने तेथे वेठ न करण्याचा आणि रोख बारा आणे रोजाखेरीज जमीनदाराच्या खाजगी जमिनीवर न राबण्याचा निश्चय जाहीर केला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात त्या लढ्याची हकीकत लिहिली. या ग्रंथाला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. त्यांतील जेठ्या गांगड हे नाव आजही घेतले जाते.

या नावापाशी थोडे थांबावयास हवे. मराठी कान ‘जेठ्या’ ऐकतो आणि त्याला त्यात तुच्छता ऐकू येते. कारण ‘या’कारान्त करून नाव खाली ओढण्याची रीत आपल्या गावगाड्याची आहे. आमच्या आजोबा-पणजोबांची कागदोपत्री नावे पाहिली की हे कळते: धोंड्या, काळ्या, राम्या. ‘रामराव’ वाड्यातला, ‘राम्या’ महारवाड्यातला. परंतु वारली घरात ‘जेठ्या’ हे साधे, पुरे नाव आहे. त्यात कमीपणा नाही. एकच प्रत्यय एका तोंडी नाव असतो आणि दुसऱ्या तोंडी चाबूक.

पाली वाङ्मयाला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. वसलसुत्तात अग्गिक भारद्वाज ब्राह्मण भिक्षेसाठी आलेल्या तथागतांना दुरूनच अडवितो आणि त्यांना ‘मुण्डक’, ‘समणक’, ‘वसलक’ म्हणतो. मूळ शब्दांना जोडलेला तो ‘क’ आपल्या ‘या’चाच सख्खा भाऊ आहे. भगवंत चिडत नाहीत, आणि मान खाली घालून मागेही फिरत नाहीत. वसल म्हणजे कोण, हे तुला ठाऊक आहे काय, असे ते विचारतात आणि नीचत्व जन्मावरून काढून कर्मावर नेऊन ठेवतात. आब परत मिळविण्याचा हा तिसरा मार्ग आहे. त्यात शिवीची परतफेड नाही, शरणागतीही नाही. शब्दाचा अर्थ ठरविण्याचा अधिकारच हाती घेतलेला आहे.

विनयपिटकाने तर यासाठी नियमच केला. भिक्षूने कोणाला अपमानकारक बोलणे हे पाचित्तिय होय, आणि अपमान कशाकशावरून होतो याची तेथे यादी आहे. जात, नाव, गोत्र, काम, कारागिरी, आजार, शरीराची ठेवण असे करीत ती पुढे जाते. नाव आणि कामधंदा हे अपमानाचे स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदविणारी ही दृष्टी किती सूक्ष्म आहे! या नियमाच्या निमित्ताने नंदिविसाल बैलाची कथा येते. मालकाने चारचौघांत त्याला हिणविले, तेव्हा त्याने शंभर गाड्या जागच्या हलविल्या नाहीत आणि मालक पैज हरला. ‘भद्र’ म्हटल्यावर त्याने त्या ओढल्या. तक्षशिलेच्या त्या बैलालाही आब आहे. झरीच्या परिषदेनंतर जोखडाला खांदा न देणाऱ्या माणसांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

मात्र उदानातील पिलिंदवच्छ थेरांची कथा आपल्याला अवघड जाते. हे थेर सर्वांना ‘वसल’ म्हणूनच हाक मारीत. भिक्षूंनी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी सांगितले की, यांच्या मनात द्वेष नाही. अनेक जन्म ब्राह्मणकुळात काढल्यामुळे जिभेला ही सवय जडली आहे. ज्यांनी अशा सवयी पिढ्यान्‌पिढ्या सोसल्या, त्यांना हा निवाडा सौम्य वाटेल, आणि मलाही तो बराच काळ तसाच वाटत आला. परंतु जिभेची सवय आणि मनातील हेतू ही दोन वेगळी मापे आहेत, हे त्यातून शिकावयाचे आहे, आणि ते शिकण्याची वेळ डहाणू-तलासरीत आपल्यावरच येते.

कारण असे की, वारली बोलीत वडीलधाऱ्यांशी आणि परक्याशीही सहजपणे ‘तू’ने बोलले जाते. प्रमाण मराठीतील आदरार्थी बहुवचनाचा तेथे तसा जाच नाही. पहिलीतले मूल गुरुजींना ‘तू कुठे गेला होतास?’ असे विचारते. दवाखान्यात आलेली म्हातारी डॉक्टरला ‘तू बघ’ म्हणते. या तालुक्यांतील शाळांत, पंचायत समित्यांत, आरोग्य केंद्रांत आपले धम्मबांधव नोकरीस आहेत. शिक्षणाने आणि चळवळीने मिळविलेले ‘अहो’ त्यांना मोलाचे वाटते, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी दोन पिढ्या झिजल्या. मग समोरून ‘तू’ आला की तो जुना चाबूक वाटतो आणि मुलाला ‘शिस्त’ लावली जाते. त्याच वेळी त्या मुलाच्या बापाला मात्र खिडकीतून ‘ए, अंगठा दे’ असे सांगितले जाते. एक ‘तू’ समपातळीवरचा आहे, दुसरा वरून खाली टाकलेला. व्याकरणात दोन्ही सारखे. १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी केलेला हेतुपुरस्सर अपमान गुन्हा ठरविला, २०१५च्या दुरुस्तीने जातिवाचक शिवीगाळीचा स्वतंत्र उल्लेख केला. परंतु खिडकीतल्या ‘तू’पर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही.

मग ओळखावे कसे? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर सम्यक् वाचेविषयी एक अट घालतात, तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ही वाचा भीतीपोटी किंवा मेहेरबानीसाठी असता कामा नये. वरिष्ठाला काय वाटेल याचा तिच्याशी संबंध नसावा. या एका अटीने वेठीतली विनम्रता सम्मावाचेच्या बाहेर जाते. ‘मायबाप सरकार’ म्हणून वाकलेला माणूस गोड बोलतो. पण ते बोलणे भयाचे आहे. उलट, शाक्य राजकुमारांनी आपला अभिमान मोडावा म्हणून उपालि नाभिकास आधी प्रव्रज्या देण्याची विनंती केली आणि नंतर त्याला वंदन केले, ते कोणाच्या धाकाने नव्हे. संघात वंदनाचा क्रम उपसंपदेच्या वर्षांवरून ठरतो. आज वाकणाऱ्यालाही उद्या नवा भिक्षू वंदन करणारच असतो.

‘जोहार’ या शब्दाला ही अट लावून पाहावी. महाराने ‘जोहार मायबाप’ म्हणावयाचे आणि समोरून ‘जोहार’ परत यावयाचा नाही, अशी ती एकेरी वाट होती. म्हणून आपण तो शब्द टाकला आणि ‘जय भीम’ स्वीकारला. त्याचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिले जाते. ‘जय भीम’ला उत्तर ‘जय भीम’च असते, हे त्याचे खरे सामर्थ्य. डहाणू-तलासरीत मात्र आदिवासी कार्यकर्ते एकमेकांना अभिमानाने ‘जोहार’ म्हणतात आणि ‘जोहार’च परत मिळतो.

आमचे एक शिक्षक स्नेही तलासरी भागात नव्याने रुजू झाले, तेव्हा पाड्यावरच्या एका वृद्धाने त्यांना ‘जोहार’ घातला. त्यांच्या अंगावर काटा आला. हा शब्द त्यांच्या आजोबांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून उच्चारलेला. क्षणभर थांबून ते ‘जय भीम’ म्हणाले. म्हाताऱ्याने मान डोलावली, ‘जय भीम’ म्हटले आणि लगेच विचारले, ‘तू कुठल्या गावचा?’