घरी बरी, शाळेत धाप: वर्गातली धूळ आणि मुलांचा दमा

तुम्ही बसमध्ये हेडफोन लावून ऐकलात तो भाग आता वाचायलाही मिळतोय. आजचा विषय थेट माझ्या घरातून आलाय.

माझी भाची दुसरीत आहे. तिला दमा आहे. गेल्या वर्षी ताई अगदी हैराण झाली होती. गालिचा काढला, पडदे धुतले, टेडी कपाटात बंद केले. तरी आठवड्यातून दोन-तीन रात्री पोरगी खोकत उठायचीच. मी पडलो सॉफ्टवेअरवाला. म्हटलं, "ताई, आधी लॉग ठेवू." कॅलेंडरवर खोकल्याच्या प्रत्येक रात्री लाल टिंब. दोन महिन्यांनी बघितलं, तर टिंबं बहुतेक शाळेच्याच दिवसांवर. दिवाळीच्या सुट्टीचं पान जवळजवळ कोरं. आम्ही बग घरात शोधत होतो, आणि मुलगी दिवसाचे सहा तास दुसऱ्याच खोलीत श्वास घेत होती!

आता आधी हे होतं कसं ते बघू. अॅलर्जेन म्हणजे विष नव्हे. साधंच प्रथिन असतं: उंदराच्या लघवीतलं, झुरळाच्या विष्ठेतलं, मांजराच्या कोंड्यातलं, बुरशीतलं. बहुतेकांचं शरीर त्याकडे लक्षच देत नाही. पण अॅलर्जी असलेल्या मुलाच्या शरीरानं त्याला शत्रू ठरवलेलं असतं आणि त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार ठेवलेली असतात. प्रथिन श्वासातून आत गेलं की हिस्टामिनसारखी रसायनं सुटतात. श्वासनलिकांचे स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, चिकट कफ वाढतो. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो, धाप लागते. रोज थोडं थोडं प्रथिन जात राहिलं, तर सूज पूर्ण उतरतच नाही. मग साधी सर्दी किंवा थोडं पळणंही पुरतं.

यावरचं एक महत्त्वाचं काम अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये झालं. डॉ. वांडा फिपातानाकुल यांच्या गटानं 37 शाळांमधल्या, दमा असलेल्या 284 मुलांचा अभ्यास केला. तो 2017 साली 'जामा पीडियाट्रिक्स'मध्ये छापून आला. त्यांनी वर्गांतली धूळ गोळा केली, मुलांच्या घरांतलीही केली. शाळांमधल्या 443 नमुन्यांपैकी 441 मध्ये उंदराचं अॅलर्जेन सापडलं! आणि शाळेतलं प्रमाण घरापेक्षा बरंच जास्त. जिथे ते जास्त, तिथल्या मुलांना दम्याचा त्रास जास्त दिवस आणि फुप्फुसांची ताकद कमी, असा संबंध दिसला. घरातल्या अॅलर्जेनचा परिणाम हिशेबात धरूनसुद्धा.

"पण वर्गात उंदीर दिसला तर नाही कधी!" दिसायला लागतच नाही. लघवी सुकते, त्यातलं प्रथिन बारीक धुळीवर बसतं आणि हवेत तरंगत राहतं. मांजराचं तर आणखी गमतीशीर. ते शाळेत पाऊलही टाकत नाही, पण त्याचं अॅलर्जेन मुलांच्या कपड्यांवरून वर्गात येतं. स्वीडनमधल्या 2001 सालच्या एका अभ्यासात, ज्या वर्गांत मांजर पाळणारी मुलं जास्त, तिथल्या मांजराची अॅलर्जी असलेल्या मुलांचा दमा सुट्टीनंतर शाळा सुरू झाल्यावर जास्त बिघडला होता.

मग उपाय सोपा, नाही का? पेस्ट कंट्रोल करा, हवा गाळणारं यंत्र लावा! बोस्टनच्याच गटानं नेमकं हेच करून पाहिलं. निकाल 2021 मध्ये आला. 41 शाळा, 236 मुलं. काही शाळांत उंदीर-झुरळांचा पद्धतशीर बंदोबस्त केला, काही वर्गांत हेपा फिल्टर लावले. त्रासाच्या दिवसांत ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. मला हे वाचून वाईट वाटलं, पण आमच्या धंद्यात हे रोज होतं. कारण सापडणं वेगळं आणि फिक्स चालणं वेगळं. म्हणून कुणी "हे मशीन घ्या, दमा गायब" म्हणालं, तर खिशावर हात ठेवा.

बोस्टनचे आकडे जसेच्या तसे आपल्याला लावू नका. आपल्याकडे खिडक्या उघड्या असतात, पावसाळ्यात भिंती ओल धरतात, बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात. शिवाय शाळेत एकमेकांची सर्दी मिळते, तोही दम्याचा मोठा ट्रिगर. त्यामुळे नुसत्या टिंबांवरून निष्कर्ष काढू नका. लॉग घेऊन डॉक्टरांकडे जा, अॅलर्जीची तपासणी लागेल का ते विचारा.

आम्ही काय केलं? शाळेच्या ऑफिसात ताईला उत्तर मिळालं, "बाकी कुणाची तक्रार नाही." वर्गाच्या बाईंनी मात्र ऐकून घेतलं. भाचीची जागा जुन्या वह्या-चटयांच्या कपाटापासून हलवली. मुलं वर्गात असताना कोरडा झाडू बंद, त्याऐवजी शाळा सुटल्यावर ओलं फडकं. डबे वर्गात उघडे राहत नाहीत. निळा इनहेलर आणि स्पेसर बाईंच्या ड्रॉवरमध्ये असतो. त्रास झाला तर काय करायचं, कधी दवाखान्यात न्यायचं, हे डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद सोबत. त्याच वेळी डॉक्टरांच्या लक्षात आलं की रोजचा इनहेलर ती चुकीच्या पद्धतीनं घेत होती. तेही सुधारलं.

टिंबं कमी झाली. बाकावरची जागा की इनहेलरची पद्धत, श्रेय कुणाचं? एकाच वेळी दोन्ही बदललं, त्यामुळे सांगता येणार नाही. इंजिनिअर म्हणून मला हे खटकतं, मामा म्हणून अजिबात नाही.

एकच विनंती. त्रास कमी झाला म्हणून रोजचा इनहेलर मनानं बंद करू नका. आणि "इनहेलरची सवय लागते" म्हणणारे काका तुमच्या घरीही असतील, तर त्यांना हा भाग नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!