टायमिंग साखळी व साखळीचक्रे

मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन-एंजिनातील भुजादंडाची म्हणजे क्रँकशाफ्टची गती कॅमदंडाला पोहोचविणारी पोलादी साखळी व तिची दातेरी चक्रे. कॅमदंड झडपांची उघडझाप करतो. ही उघडझाप दट्ट्याच्या स्थितीशी काटेकोरपणे जुळविणे हे या साखळीचे कार्य होय.

कार्य : चार धावांच्या एंजिनात एक कार्यचक्र भुजादंडाच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते व तेवढ्यात प्रत्येक झडप एकदाच उघडते. त्यामुळे कॅमदंड निम्म्या वेगाने फिरवावा लागतो व त्यावरील चक्राचे दाते भुजादंडावरील चक्राच्या दुप्पट ठेवतात. भुजादंड मिनिटाला ३,००० फेरे करीत असता प्रत्येक झडप सेकंदाला २५ वेळा उघडते व मिटते.

प्रकार : रुळांची साखळी हान्स रेनल्ड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये तयार केली. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनी मोटारीत कॅमदंड सिलिंडर ठोकळ्यात असून त्याला साखळीने गती मिळे. १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये साखळीऐवजी दातेरी रबरी पट्टा होता. नासिक येथील कारखान्यात तयार झालेल्या महिंद्र स्कॉर्पिओला २००८ मध्ये दिलेल्या डीझेल एंजिनात मात्र साखळीच वापरली गेली. पट्टा ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो, तर साखळी वंगणतेलात चालत असल्याने पुष्कळ अधिक टिकते.

झीज : वापराने साखळी ‘ताणली’ जाते असे म्हणतात, वस्तुतः पोलाद ताणले जात नाही, तर सांध्यांतील खिळी व नळ्या झिजतात. शंभर सांधे प्रत्येकी ०·०१ मिमी. झिजले, तर साखळीची लांबी १ मिमी. वाढते. परिणामी झडपा उशिरा उघडतात व एंजिनाची शक्ती घटते. थंड एंजिन सुरू करताना पुढील बाजूस खडखडाट ऐकू येतो. झिजलेली साखळी दात्यांच्या टोकांकडे सरकून त्यांना आकड्यासारखा बाक आणते. अशा दात्यांवर नवी साखळी चढविल्यास तीही लवकर झिजते. म्हणून साखळी, दोन्ही चक्रे, ताणक व मार्गदर्शक पट्ट्या एकत्रच बदलाव्यात.

बदलण्याची रीत : बॅटरीची जोडणी सोडवून एंजिनाचे पुढील आवरण काढतात. पहिला दट्ट्या संपीडन धावेच्या शेवटी सर्वांत वरच्या स्थितीत आणून चक्रांवरील खुणा जुळवितात. साखळी उतरविल्यानंतर कोणताही दंड स्वतंत्रपणे फिरवू नये. तसे केल्यास उघडी झडप दट्ट्यावर आपटून वाकण्याचा धोका असतो. भुजादंडावरील चक्राला १८ दाते असल्यास एका दात्याच्या चुकीने भुजादंडाच्या मापाने २० अंशांचा फरक पडतो. नवा संच बसवून ताणक मोकळा केल्यावर भुजादंड हाताने पूर्ण दोन फेरे फिरवितात व चक्रांवरील खुणा पुन्हा तपासतात. फिरविताना अडथळा जाणवल्यास जोर न लावता कारण शोधावे. रंगीत कड्या मात्र दोन फेऱ्यांनंतर पुन्हा जुळतीलच असे नाही. शेवटी आवरणाचे तेलरोधक कडे व गॅस्केट नवीन घालतात.

सुधारणा : एंजिनाची शक्ती वाढविताना कित्येकदा एकपदरी साखळीच्या जागी दुपदरी साखळी बसवितात. भार दोन पदरांत विभागल्याने झीज कमी होते. त्यासाठी दोन्ही चक्रे रुंद घ्यावी लागतात, ती एकाच प्रतलात आहेत याची सरळपट्टीने खात्री करावी लागते, आणि आवरणाच्या आत पुरेशी जागा आहे की नाही हेही पाहावे लागते. एखादा भाग बदलल्याने किती गोष्टी बदलाव्या लागतात, याचे उदाहरण जीपमध्ये आढळते. दुसऱ्या महायुद्धातील विलीझ जीपमध्ये साखळी होती. युद्धानंतरच्या नागरी जीपमध्ये तिच्या जागी दंतचक्रे आली. एकमेकांत अडकलेली दोन दंतचक्रे परस्परविरुद्ध दिशांनी फिरतात. त्यामुळे जुन्या एंजिनात नुसती दंतचक्रे बसवून भागत नाही, तर त्यांना अनुरूप कॅमदंडही लागतो. साखळीसंचात कोणतीही सुधारणा करताना सर्व भागांचा असा एकत्रित विचार न केल्यास थोडक्या खर्चाचे काम संपूर्ण एंजिनाच्या दुरुस्तीवर जाते.