विमानातली नर्सबाई

ऑस्ट्रेलिया देश फार मोठा. आतला मुलूख कोरडा, वस्ती विरळ. एका मळ्यापासून दुसरा मळा कोसन्‌कोस दूर. अशा ठिकाणी बाई अडली किंवा घोड्यावरून गडी पडला, तर काय करायचे? दवाखाना जवळ कुठला असायला!

जॉन फ्लिन नावाच्या पाद्र्याने यावर तोड काढली. १९२८ साली क्लोनकरी गावाहून डॉक्टर विमानाने रोग्याकडे जाऊ लागला. ही सेवा अजून चालू आहे. पण पुष्कळदा विमानात डॉक्टर नसतोच. एक वैमानिक आणि एक नर्सबाई, बस्स!

म्हणून ही नोकरी सहजासहजी मिळत नाही. आधी नर्सचे शिक्षण. मग सुईणीचे, कारण बाळंतीण वाटेतच मोकळी व्हायची. शिवाय अत्यवस्थ रोग्यांजवळ काही वर्षे काम केलेले हवे. आम्हांला हे रास्त वाटते. आभाळात हाक मारायची तरी कुणाला?

आणखी एक गोष्ट पाहा. उंचावर हवा विरळ होते, तशी कोंडलेली हवा फुगते. मार लागून रोग्याच्या छातीत हवा कोंडली असेल, तर ती फुगून फुप्फुस दाबते. जिवावर बेतते. म्हणून नर्सबाई निघण्याआधी छाती तपासते. गरज पडली तर विमानातली हवा जमिनीवरच्यासारखी दाट ठेवायला वैमानिकाला सांगते.

विमान येईपर्यंत घरचे लोक हातावर हात ठेवून बसत नाहीत. रात्र असेल तर विमान उतरायच्या पट्टीवर दिवे लावतात. मोटार फिरवून कांगारू हाकलतात. पुष्कळ मळ्यांवर औषधांची पेटी असते. औषधांवर आकडे घातलेले असतात. डॉक्टर दुरून आकडा सांगतो, घरचा माणूस तो वाचून औषध काढतो.