विस्तव कुणाच्या घरी जातो?

‘फोकस’ आणि ‘कर्फ्यू’ या शब्दांत दडलेल्या चुलीबद्दल या आठवड्यात लिहायचे कबूल केले होते. ते पुढच्या खेपेला. परंड्याच्या एका वाचकांनी असा प्रश्न विचारला आहे की तो आधी सोडवल्याशिवाय चुलीपाशी जाताच येणार नाही. ते विचारतात, इंग्रजीत ‘काइंड’ म्हणजे मायाळू आणि ‘किंडल’ म्हणजे पेटवणे, तर हे दोन्ही शब्द एकाच कुळातले का? आणि मायेचा विस्तवाशी असा संबंध आपल्याकडे आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसऱ्याचे ‘आहे, पण तो शब्दाच्या मुळात नाही, व्यवहारात आहे’ असे आहे, आणि मला या दुसऱ्या उत्तराचे मोल अधिक वाटते.

‘काइंड’चे मूळ जन्मात आहे. जुन्या इंग्रजीत ‘किंड’ म्हणजे जन्म, उपजत स्वभाव. ‘किन’ म्हणजे भाऊबंद. मूळ भाषेतला एक ध्वनी लॅटिनमध्ये ‘ग’ राहिला, जर्मन-इंग्रजीच्या घराण्यात ‘क’ झाला आणि संस्कृतात ‘ज’ झाला, हे या मालेच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. गुडघ्याला लॅटिनमध्ये ‘गेनू’, संस्कृतात ‘जानु’ आणि इंग्रजीत ‘नी’, ज्याच्या स्पेलिंगमध्ये न उच्चारला जाणारा ‘के’ अजून टिकून आहे. त्याच नियमाने लॅटिन ‘गेनुस’, इंग्रजी ‘किन’ आणि आपला ‘जन’ हे सख्खे ठरतात. जर्मन भाषेत ‘किंड’ म्हणजे मूल. फ्रोबेलने १८४० मध्ये आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’ नाव दिले. तेव्हा धाराशिवच्या शाळेच्या फाटकावर ‘ज्युनिअर केजी’ असे रंगवलेले असते, त्यातला ‘के’ हा आपल्या ‘जन्मा’चाच भाऊ आहे. ‘काइंड’चा अर्थ आधी ‘उपजत, स्वाभाविक’ असा होता. मग आपल्या रक्ताच्या माणसाशी जसे वागणे स्वाभाविक तसे वागणारा, आणि तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘दयाळू’. शेक्सपिअरच्या हॅम्लेटचे रंगमंचावरचे पहिलेच वाक्य ‘किन’ आणि ‘काइंड’ यांच्या जवळिकीवर उभे आहे. आणि हा एकटा शब्द नव्हे. ‘जेंटल’ म्हणजे मुळात कुळातला, ‘जेनरस’ म्हणजे चांगल्या कुळातला, ‘बिनाइन’ म्हणजे जन्माने भला. सौजन्याचे चार इंग्रजी शब्द, आणि चारही एकाच ‘जन्’ धातूच्या गोतातले. याचा अर्थ सरळ आहे: या शब्दांच्या मुळाशी असलेली माया आधी घरच्यांसाठी होती, परक्याला ती पुढे मिळाली.

‘किंडल’ मात्र बाहेरून आला. उत्तरेकडच्या समुद्री टोळ्या इंग्लंडच्या पूर्व आणि उत्तर भागांत स्थायिक झाल्या, त्यांच्या भाषेत पेटवण्याला ‘किंडा’ म्हणत. इंग्रजी लिखाणात हा शब्द १२०० च्या आसपास दिसू लागतो. २००७ मध्ये बाजारात आलेल्या वाचनयंत्राला नाव मिळाले ते याच शब्दाचे. यावर जाणकार वाचक हरकत घेतील की सशाची मादी व्याली, हे सांगायलाही इंग्रजीत ‘किंडल’ क्रियापद होते, शेक्सपिअरनेही ते वापरले आहे. मग जन्म आणि जाळ एकत्र आलेच की. हरकत बरोबर आहे, पण ते क्रियापद वेगळे. ते ‘काइंड’पासून घडले, आणि पुढे उच्चार एकच झाल्यामुळे दोघांनी एकमेकांच्या अर्थाला रंग चढवला. सहवासाने आलेले साम्य आणि रक्ताचे साम्य यांत फरक करायचा नसेल तर व्युत्पत्तीचा अभ्यास कशाला हवा? आगीसाठीचा आपला खरा नातलग इंग्रजीत शोधायचा तर तो मोटारसायकलच्या ‘इग्निशन’मध्ये सापडतो. लॅटिन ‘इग्निस’ आणि संस्कृत ‘अग्नि’ एकच. प्राकृतातल्या ‘अग्गि’वरून आपण ‘आग’वर आलो.

आता मराठीकडे. इंग्रजीत मायाळू माणूस ‘वॉर्म’ असतो, म्हणजे उबदार. थंडीने गारठणाऱ्या मुलखात ते साहजिक आहे. आपल्या बालाघाटाच्या डोंगररांगांतल्या, पावसाची वाट पाहणाऱ्या भागात माया उबदार नसते, ती ओली असते. मायेचा ओलावा असतो, काळजाला पाझर फुटतो, उपचाराची सहानुभूती कोरडी असते, आणि आधार देणाऱ्याची सावली असते. ‘स्नेह’ हा संस्कृत शब्द तेल आणि प्रेम असे दोन्ही अर्थ बाळगून आहे. उलट आग आपल्याकडे रागाची, भुकेची, मत्सराची: पोटात आग पडते, तळपायाची आग मस्तकाला जाते, अंगाचा जळफळाट होतो. तेव्हा भावनेच्या कोशात माया पाण्याच्या बाजूला आणि आग वैराच्या बाजूला अशी वाटणी झालेली दिसते. एक वाक्प्रचार मात्र या वाटणीत बसत नाही. दोन घरांत हाडवैर असले की आपण म्हणतो, त्यांच्यातून विस्तवही जात नाही. म्हणजे जिथे वैर नाही तिथे विस्तव जातो.

हा विस्तव खराखुरा आहे. काडेपेटी घरोघरी येण्याआधी रात्री स्वयंपाक उरकला की चुलीतला निखारा राखेखाली पुरून ठेवत. पहाटे राख सारली आणि आर विझलेला निघाला, की पोराच्या हाती गवरीचा तुकडा देऊन त्याला शेजारी पिटाळायचे: ‘जा, इस्तू घेऊन ये.’ शेजारीण आपल्या चुलीतला एक इंगळ त्या गवरीवर ठेवायची आणि पोर तो फुंकत घरी आणायचे. मागणाऱ्याला त्यात कमीपणा नव्हता आणि देणारीचे काही सरत नव्हते. म्हणूनच तो नाकारणे हे वैराचे टोक. काही जण या वाक्प्रचाराचा वेगळा अर्थ लावतात: आग कशातूनही आरपार जाते, पण या दोघांमधून तीही जाणार नाही इतके वैर. त्यातला ‘ही’ दोन्ही अर्थांना चालतो, हे मान्य. पण हा प्रयोग आपण भिंतींबद्दल किंवा लाकडांबद्दल कधी करत नाही. माणसांबद्दल आणि घरांबद्दलच करतो. आणि ‘जाणे’ हे क्रियापद मराठीत घरोब्याचे आहे: एका घरातून दुसऱ्या घरात ताट जाते, वाण जाते, लेक जाते. विस्तव त्याच रांगेत बसतो.

शेजारचे पुरावेही याच बाजूचे आहेत. उत्तरेत बहिष्काराला ‘हुक्का-पाणी बंद’ म्हणतात. त्यात एक वस्तू विस्तवाची, दुसरी पाण्याची. रोमन कायद्यात हद्दपारीचे नावच ‘पाणी आणि अग्नी यांची मनाई’ असे होते. ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये सिसेरोने अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर ग्रंथ लिहिला. अनोळखी माणसालाही काय नाकारू नये, याची यादी त्यात आहे: वाहते पाणी, आपल्या विस्तवातून विस्तव, आणि अडलेल्याला खरा सल्ला. त्याआधी तो एन्निउस या जुन्या कवीचा दाखला देतो की वाट चुकलेल्याला रस्ता दाखवणे हे आपल्या दिव्यावर त्याचा दिवा लावून देण्यासारखे आहे. आपला उजेड त्याने उणा होत नाही. परंड्याच्या वाचकांना हवा असलेला माया आणि विस्तव यांचा सांधा तो हाच, आणि तो धातुपाठाच्या आधाराने जुळत नाही.

यावर सर्वांत जड हरकत अशी, की आपल्या गावगाड्यात विस्तव सगळ्यांना कुठे मिळत होता? नव्हता मिळत. वाहते पाणी सोडाच, तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला. गावकुसाबाहेरच्या माणसाने वाड्याच्या चुलीशी जाऊन विस्तव मागावा अशी सोय त्या व्यवस्थेत नव्हती. ‘काइंड’ जसा कुळापुरता होता, तसा आपला विस्तवही जातीच्या कुंपणापाशी थांबत होता. या बाबतीत मराठीला इंग्रजीपेक्षा मोठेपण देता येणार नाही, आणि मी देणारही नाही. फरक इतकाच, की इंग्रजी शब्दाने नाते आधी मोजले. मराठी वाक्प्रचार दिलेली वस्तू मोजतो. वस्तू दिली की नाही हे डोळ्यांना दिसते, त्यामुळे नाकारणाऱ्याला जाबही विचारता येतो.

देण्याची ही रीत आजही पाहायची तर नवरात्राआधी तुळजापूरच्या रस्त्यांवर पाहावी. गावोगावची तरुण मंडळे भवानीच्या दारी येऊन ज्योत पेटवतात आणि आळीपाळीने धावत आपल्या गावी नेतात. वाटेतल्या गावांतले लोक त्यांना पाणी देतात, चहा-फराळ देतात; धावणारा कोणत्या तालुक्याचा, कोणत्या आडनावाचा, हे आधी विचारत नाहीत.

भूम, कळंब, उमरगा या भागांत ‘इस्तू’, ‘आर’, ‘इंगळ’ यांवरून आणखी म्हणी नक्की असतील. आजी-आजोबांना विचारून, त्या कोणत्या प्रसंगी म्हणतात त्यासह कळवा. पुढच्या आठवड्यात ‘फोकस’ आणि ‘कर्फ्यू’.