शपथ, सभागृह आणि मतभेद : ज्युलियन बाँड यांची विधिमंडळातील कारकीर्द

पदवी वर्गांना अमेरिकेची राज्यव्यवस्था शिकवली जाते तेव्हा राष्ट्राध्यक्ष, काँग्रेस आणि सर्वोच्च न्यायालय यांवरच बहुतेक तासिका खर्च होतात. पन्नास राज्यांची पन्नास विधिमंडळे आहेत, नेब्रास्का वगळता ती सर्व द्विगृही आहेत, एवढे सांगून आपण पुढे जातो. वास्तविक शाळा, पोलीस, मतदारनोंदणी आणि मतदारसंघांची आखणी हे विषय तेथे मुख्यतः राज्यांच्या हाती असतात. कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा बराचसा याच सभागृहांशी होता. म्हणून प्रस्तुत लेखात एका राज्य विधिमंडळ सदस्याचा परिचय करून देत आहे. जॉर्जिया राज्याचे ज्युलियन बाँड (१९४०-२०१५) हे ते सदस्य होत. निवडून आल्यावरही त्यांना एक वर्ष शपथ घेऊ दिली गेली नव्हती.

बाँड यांचे घराणे शिक्षकांचे. आजोबा जेम्स बाँड गुलामगिरीत जन्मले आणि १८९२ मध्ये केंटकीतील बेरिया कॉलेजचे पदवीधर झाले. वडील होरेस मान बाँड यांनी शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. कृष्णवर्णीयांच्या शिक्षणाच्या इतिहासावरील त्यांचे काम आजही अभ्यासले जाते. आई ग्रंथपाल होत्या. वडील पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठाचे अध्यक्ष असल्याने ज्युलियन यांचे बालपण विद्यापीठाच्या आवारात गेले. विख्यात विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांनी या मुलाला लहानपणीच विद्येला ‘वाहण्याचा’ एक लटका समारंभ केला होता. आपल्याकडील बिस्मिल्लाहच्या रस्मेची येथे आठवण होते. फरक एवढाच, की तेथे मौलवींच्या जागी समाजशास्त्रज्ञ होते!

१९५७ मध्ये वडील अटलांटा विद्यापीठात आले आणि मुलगा शेजारच्या मोरहाऊस कॉलेजात दाखल झाला. तेथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी ते एक होते. मार्च १९६० मध्ये अटलांटातील विद्यार्थ्यांनी मानवी हक्कांचे आवाहन वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध केले आणि पाठोपाठ गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहांत धरणे धरले. नगरभवनाच्या उपाहारगृहात बाँड यांना अटक झाली. पुढच्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे ‘स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी’ (लोक तिला ‘स्निक’ म्हणत) स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत बाँड होते. या संघटनेचे उद्दिष्टपत्र लिहिणारे जेम्स लॉसन यांनी १९५३ ते १९५६ ही वर्षे नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात काम केले होते आणि तेथेच गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास केला होता. हा धागा आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो. बाँड संघटनेचे प्रसिद्धीप्रमुख झाले. १९६१ मध्ये त्यांनी पदवी अर्धवट सोडली.

यानंतर विधिमंडळाचा विषय येतो. जॉर्जियात मतदारसंघांची रचना अशी होती, की ओसाड ग्रामीण काउंट्यांचे वजन अटलांटासारख्या शहरापेक्षा जास्त पडे. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या दोन्ही सभागृहांतील मतदारसंघ लोकसंख्येच्या प्रमाणात असले पाहिजेत असा निर्णय दिला. त्यामुळे जॉर्जियाला नवी आखणी करावी लागली. १९६५ च्या विशेष निवडणुकीत अटलांटातील १३६ व्या मतदारसंघातून बाँड २३२० विरुद्ध ४८७ मतांनी निवडून आले. त्या वर्षी कनिष्ठ सभागृहात एकूण आठ कृष्णवर्णीय सदस्य आले. १९०७ नंतर असे प्रथमच घडत होते. याच राज्याने १८६८ मध्ये निवडून आलेल्या कृष्णवर्णीय सदस्यांना त्यांच्या वर्णावरून सभागृहाबाहेर घालवले होते आणि १८७० मध्ये केंद्राच्या दडपणाखाली परत घेतले होते. हा पूर्वेतिहास लक्षात घेतल्याशिवाय पुढील प्रकरणाचा अर्थ पूर्णपणे कळत नाही.

३ जानेवारी १९६६ रोजी अलाबामातील टस्कीगी येथे सॅमी यंग नावाच्या विद्यार्थ्याची गोळी घालून हत्या झाली. कारण काय, तर पेट्रोल पंपावरील गोऱ्यांसाठी राखीव शौचालय. हा तरुण नौदलात सेवा करून आलेला होता. तीन दिवसांनी ‘स्निक’ने व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निवेदन काढले. घरी ज्यांना स्वातंत्र्य नाही त्यांना दूरदेशी स्वातंत्र्यासाठी लढायला पाठवणे ढोंगीपणाचे आहे, आणि सक्तीच्या सैन्यभरतीला नकार देणाऱ्यांबद्दल संघटनेला सहानुभूती आहे, असा त्याचा आशय होता. निवेदन बाँड यांनी लिहिले नव्हते. मात्र एका नभोवाणी वार्ताहराने विचारले तेव्हा त्यांनी त्याला संमती दर्शवली. भरतीपत्र जाळणाऱ्यांच्या धैर्याचे कौतुक वाटते, परंतु स्वतःचे पत्र आपण जाळलेले नाही व कोणाला जाळायला सांगितलेलेही नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले.

१० जानेवारीला अधिवेशन सुरू झाले. ७५ सदस्यांनी बाँड यांच्या प्रवेशाला हरकत घेतली होती. शपथविधीच्या वेळी त्यांना बाजूला थांबायला सांगण्यात आले आणि बाकीचे सात कृष्णवर्णीय सदस्य शपथ घेऊन बसले. सायंकाळपर्यंत समितीची सुनावणी उरकून सभागृहाने १८४ विरुद्ध १२ मतांनी ठराव केला : बाँड यांना जागा देऊ नये. १४ तारखेला बाँड यांचा सव्विसावा वाढदिवस होता. त्या दिवशी त्यांच्या समर्थनार्थ किंग यांनी अटलांटात मोर्चा काढला. फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली, बाँड बिनविरोध आले. सभागृहाच्या समितीने पुन्हा नकार दिला. नोव्हेंबरच्या सार्वत्रिक निवडणुकीत ते तिसऱ्यांदा निवडून आले.

दरम्यान खटला चालू होता. तीन न्यायाधीशांच्या संघराज्यीय जिल्हा न्यायालयाने दोनविरुद्ध एक असा निकाल बाँड यांच्या विरोधात दिला. (बहुमतातील ग्रिफिन बेल पुढे १९७७ मध्ये अमेरिकेचे ॲटर्नी जनरल झाले.) ५ डिसेंबर १९६६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. निकालपत्र सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांचे आहे. राज्यशास्त्राच्या वर्गात ते मुळातून वाचून घ्यावे, असे मी सुचवीन. भाषा अवघड नाही.

राज्याचा युक्तिवाद वरवर पाहता अगदीच पोकळ नव्हता. सदस्याने दोन्ही राज्यघटनांशी निष्ठेची शपथ घ्यावी, ही अट वैध आहे. बाँड शपथ घ्यायला तयार आहेत, हेही राज्याला मान्य होते. परंतु अशी विधाने करणारा माणूस ती शपथ मनापासून घेऊ शकत नाही, आणि सदस्यांची पात्रता ठरवण्याचा अधिकार सभागृहाचाच आहे, असे राज्य म्हणत होते. शिवाय सरकारवर टीका करण्याचे स्वातंत्र्य सामान्य नागरिकाला असले तरी लोकप्रतिनिधीने अधिक निष्ठा दाखवली पाहिजे, असाही मुद्दा होता.

न्यायालयाने दोन्ही मुद्दे फेटाळले. शपथेची अट घालता येईल, पण ती घेणाऱ्याच्या अंतःकरणाची परीक्षा बहुमताला घेता येणार नाही. कारण तसा अधिकार दिला तर न पटणारे मत दडपण्यासाठी त्याचाच वापर होईल. आणि लोकप्रतिनिधीला तर बोलण्याची मोकळीक अधिकच हवी, कारण वादग्रस्त प्रश्नांवर त्याची भूमिका काय हे मतदारांना कळले पाहिजे. बाँड यांच्या विधानांत कायदा मोडण्याची चिथावणी नव्हती, असेही न्यायालयाने पाहिले.

उर्दूत ‘दिलों का हाल ख़ुदा जानता है’ असे आपण सहज म्हणतो. वॉरन यांच्या निकालातील तर्क त्याच्या जवळपास जातो, पण तो धार्मिक नम्रतेतून आलेला नाही. येथे काळजी आहे ती सत्तेच्या मर्यादेची. वर्गात हा फरक समजावून सांगताना मला नेहमी कसरत करावी लागते. आपल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १८८ नुसार विधानमंडळ सदस्याला शपथ घ्यावी लागते आणि तिसऱ्या अनुसूचीत तिचा नमुना दिलेला आहे. ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, असे दोन्ही पर्याय त्यात आहेत. हा नमुना समोर ठेवून चर्चा घेतली, तर विद्यार्थी या खटल्यात चटकन शिरतात, असा अनुभव आहे.

९ जानेवारी १९६७ रोजी बाँड यांचा शपथविधी झाला. हुकलेल्या मुदतीचे २००० डॉलर वेतनही त्यांना देय झाले. दुसऱ्याच दिवशी विधिमंडळापुढे राज्यपाल निवडण्याचे काम आले, कारण निवडणुकीत कोणालाच निर्विवाद बहुमत मिळाले नव्हते. कट्टर वर्णभेदवादी लेस्टर मॅडॉक्स निवडले गेले. बाँड यांनी दोघांपैकी एकाही उमेदवाराला मत दिले नाही. पुढील वर्षी शिकागोच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात मॅडॉक्स यांच्या प्रतिनिधिमंडळाला आव्हान देणारा गट त्यांनी नेला आणि जॉर्जियाच्या जागा दोन्ही गटांत विभागून मिळवल्या. तेथेच उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव पुकारले गेले. त्यांचे वय अवघे २८ होते आणि घटनेची अट ३५ वर्षांची, म्हणून त्यांनी नाव मागे घेतले.

१९७५ पर्यंत कनिष्ठ सभागृहात आणि १९८७ पर्यंत राज्य सिनेटमध्ये ते राहिले. देशभर व्याख्याने देत फिरणारा सदस्य आपल्या सभागृहात फारसा रमत नाही, अशी टीका त्यांच्यावर होई. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या सिनेट कारकीर्दीतील एक काम निश्चित मोठे आहे. १९८० च्या जनगणनेनंतर काँग्रेसच्या मतदारसंघांची फेरआखणी झाली, तेव्हा अटलांटातील कृष्णवर्णीय वस्ती एका मतदारसंघात राहावी यासाठी त्यांनी आग्रह धरला. विधिमंडळाने वेगळा नकाशा मंजूर केला. १९८२ मध्ये वॉशिंग्टनच्या संघराज्यीय न्यायालयाने त्या नकाशामागे वांशिक भेदभावाचा हेतू असल्याचे ठरवले आणि पाचवा मतदारसंघ नव्याने आखावा लागला.

१९८६ मध्ये याच मतदारसंघातून बाँड काँग्रेससाठी उभे राहिले. प्रतिस्पर्धी होते ‘स्निक’मधील जुने मित्र जॉन लुईस. पहिल्या फेरीत बाँड पुढे होते, पण निम्म्या मतांना थोडे कमी पडले. दुसऱ्या फेरीपूर्वी लुईस यांनी त्यांना अमली पदार्थांच्या चाचणीचे आव्हान दिले. प्रचार कडवट झाला. कृष्णवर्णीय मतदारांत बाँड यांना बहुमत मिळाले, गोऱ्या मतदारांनी लुईस यांना साथ दिली, आणि लुईस निवडून आले. जो मतदारसंघ मिळवण्यासाठी बाँड झगडले, त्याचे प्रतिनिधित्व लुईस यांनी २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत केले.

निवडणुकीचे राजकारण तेथे संपले. १९८७ मध्ये नागरी हक्क चळवळीवरील ‘आइज ऑन द प्राइझ’ या प्रसिद्ध दूरचित्रवाणी मालिकेचे निवेदन त्यांनी केले. १९९८ ते २०१० या काळात ते ‘एनएएसीपी’ या जुन्या हक्कसंघटनेचे अध्यक्ष होते. अर्धवट राहिलेली इंग्रजी विषयाची पदवी त्यांनी १९७१ मध्येच, आमदार असताना, मोरहाऊसमध्ये परत जाऊन पूर्ण केली होती. व्हर्जिनिया विद्यापीठात वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी नागरी हक्क चळवळीचा इतिहास शिकवला आणि २०१२ मध्ये निवृत्त झाले. १५ ऑगस्ट २०१५ रोजी फ्लोरिडात त्यांचे निधन झाले. वर्गातील त्यांची व्याख्याने २०२१ मध्ये ‘ज्युलियन बाँड्स टाइम टू टीच’ या नावाने पुस्तकरूपात आली असून महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ती मागवण्यासारखी आहेत.