नोकरीत्याग आणि पॉडकास्ट-निर्मितीचा व्यवसाय : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना

हाताशी असलेली स्थिर वृत्ती सोडून श्रोत्यांसाठी बोलण्याचा मार्ग पत्करणे ही अहिल्यानगर (२०२४ पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात सर्वस्वी नवी घटना नव्हे. राहुरी तालुक्यातील ताहराबादचे कुलकर्णी महिपती (१७१५-१७९०) पूजेस बसले असता जहागीरदाराचे बोलावणे आले. ते काम उरकून परतल्यावर त्यांनी चाकरीची लेखणी कायमची खाली ठेवली, असे परंपरा सांगते. पुढे कीर्तन व संतचरित्रलेखन हेच त्यांचे जीवितकार्य झाले. १७६२ मध्ये त्यांनी 'भक्तविजय' सिद्ध केला. महिपतींना श्रोता समोर बसलेला दिसत असे. आज वेतन सोडून पॉडकास्ट-निर्मितीकडे वळू पाहणाऱ्या तरुणास तो दिसत नाही. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे उत्पन्न बहुधा श्रोत्याकडून येतच नाही. हा भेद ध्यानी न घेता दिलेला राजीनामा कुटुंबास महाग पडू शकतो.

संकल्पना आणि तिची वाटचाल

पॉडकास्ट म्हणजे भागाभागाने प्रसिद्ध होणारी, श्रोत्याने आपल्या सवडीने ऐकावयाची ध्वनिमालिका. हा शब्द बेन हॅमर्सली यांनी २००४ मध्ये 'द गार्डियन'मधील लेखात योजिला. २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये अशा मालिकांना स्थान दिले. भारतात २०१६ नंतर मोबाईल डेटा स्वस्त झाला आणि हे माध्यम महानगरांबाहेर पोहोचू लागले. मुंबईत अमित दोशी यांनी २०१५ मध्ये सुरू केलेली आयव्हीएम ही पॉडकास्ट-संस्था २०२० मध्ये प्रतिलिपीने आपल्याकडे घेतली. त्यावरून या व्यवसायास बाजारमूल्य आहे एवढे दिसते. ते तालुक्याच्या गावी मिळेलच असे मात्र नाही.

व्यवसायाचे अर्थकारण

पॉडकास्ट करणे आणि पॉडकास्ट-निर्मितीचा व्यवसाय करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत स्वतःच्या मालिकेस जाहिरातदार वा प्रायोजक मिळण्याची वाट पाहावी लागते, आणि ती वाट लांबची असते. दुसरीत निर्माता इतरांसाठी ध्वनिमुद्रण, संपादन व प्रसारण करून देतो आणि प्रत्येक भागाचा मोबदला घेतो. जिल्ह्यातील पतसंस्था, रुग्णालये, कृषिनिविष्ठा विक्रेते, शिक्षणसंस्था, देवस्थाने हे त्याचे संभाव्य ग्राहक होत. येथे आकाशवाणीचे केंद्र आहे. तेथे नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलेली मंडळी या व्यवसायाचे खरे भांडवल ठरू शकतात. मायक्रोफोन विकत मिळतो, आवाजाची शिस्त मिळत नाही.

ध्वनिमालिकेचा प्रवाह ज्याच्या खात्यावर असतो, मालिका त्याच्या हाती राहते. गुगल पॉडकास्ट्स ही सेवा २०२४ मध्ये बंद पडली तेव्हा श्रोत्यांना दुसरे ॲप शोधावे लागले. परंतु आरएसएस प्रवाह ज्यांच्या ताब्यात होता त्या निर्मात्यांची मालिका शाबूत राहिली. याउलट नगर तालुक्यातील सारोळा कासार येथील 'आपली आजी' ही लोकप्रिय यूट्यूब वाहिनी २०२० मध्ये काही दिवस हॅकरांच्या हाती गेली होती. अशा वेळी सारी मेहनत दुसऱ्याच्या अंगणात उभी असल्याची जाणीव होते.

हक्कांबाबतही हीच सावधगिरी हवी. प्रताधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. पॉडकास्ट तर पहिल्याच दिवशी परदेशस्थ मराठी श्रोत्याकडे पोहोचतो! तोंडी ठरलेला व्यवहार येथे उपयोगाचा नाही.

वेतन सोडताना

राजीनाम्यामुळे केवळ मासिक वेतन थांबत नाही. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची पात्र सेवा लागते. उपदानासाठी, म्हणजेच ग्रॅच्युइटीसाठी, सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांची. साडेचार वर्षांनी उत्साहाच्या भरात बाहेर पडणारा किती गमावतो याचा हिशेब त्याने आधी मांडलेला नसतो. औद्योगिक वसाहतीतील मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराचे कर्मचारी राज्य विमा योजनेचे संरक्षणही पुढे टिकत नाही, आणि घरात वृद्ध आईवडील असल्यास हीच बाब सर्वांत जड जाते. त्या तुलनेत व्यवसायाची औपचारिकता सोपी आहे : उद्यम नोंदणी विनाशुल्क होते आणि वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सेवा-व्यावसायिकास सामान्यतः वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागत नाही.

सहकारी साखर कारखानदारीच्या या जिल्ह्यात एक सोय मात्र आधीपासून आहे, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कारखान्यातील हंगामी कर्मचाऱ्यास गाळप संपल्यावर काही महिने काम नसते. त्या काळात पात्र कर्मचाऱ्यांना धारण भत्ता मिळतो. गाळप साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. नोकरीच्या अटी आड येत नसतील, तर मधल्या काळात दोन-तीन ग्राहकांचे भाग तयार करून द्यावेत, देयके वेळेवर वसूल होतात का हे पाहावे आणि पुढील हंगामात पुन्हा हजर व्हावे. दोन हंगामांमधील हा हिशेब वहीत उतरल्यावरच राजीनाम्याचा कागद लिहावयास घेणे उचित.