कंपनशोषक द्रव्ये आणि धातूची ‘स्मृती’

कफ परेड ते आरे ही मुंबई मेट्रोची ३३.५ किलोमीटरची तिसरी मार्गिका २०२४ ते २०२५ ह्या काळात टप्प्याटप्प्याने खुली झाली. काळबादेवी व गिरगाव येथे ती जुन्या चाळींच्या दाट वस्तीतून भुयारी वाटेने जाते. गाडीचा कंप मातीतून इमारतींच्या पायांत शिरू नये म्हणून तिचे रूळ रबरी आवरणांत बसविलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर टेकविलेले आहेत.

दाबलेले रबर काही ऊर्जा साठवून परत करते. उरलेली अंतर्गत घर्षणाने उष्णतेत विरते. ह्या विरण्यासच अवमंदन म्हणतात. अडचण अशी की, मऊ रबर कंप अडविते पण भाराखाली फार दबते. कडक रबर भार पेलते, परंतु कंप पुढे जाऊ देते.

ह्या पेचावर सुचविलेला एक उपाय म्हणजे निकेल, मँगनीज व गॅलियम ह्यांच्या मिश्रधातूचे कण बहुवारिकात मिसळणे. चुंबकीय क्षेत्राने ह्या मिश्रधातूचा स्फटिक सुमारे ०.२ टक्के लांबतो, असे उलाक्को व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. पुढे हा आकडा दहाच्या आसपास गेला. ह्या स्फटिकात परस्परांची आरशातील प्रतिबिंबे शोभावीत असे जुळे थर असतात. क्षेत्राने किंवा केवळ दाबानेही त्यांमधील सीमा सरकते, आणि सरकताना ऊर्जा खर्ची पडते. सलग स्फटिक ठिसूळ व महाग. म्हणून त्याचे कण पॉलियुरेथेनसारख्या द्रव्यात घालून, ते घट्ट होईपर्यंत चुंबकीय क्षेत्राने एका दिशेस लावतात. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी अशा संमिश्रांच्या ऊर्जाशोषणाचे प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

‘आकारस्मृती’ हे नाव मात्र येथे किंचित फसवे आहे. तापविताच पूर्वरूप घेणाऱ्या धातूस ते शोभते. ह्या संमिश्रात दाबाने सरकलेली सीमा मागे ढकलण्याचे काम पुष्कळसे भोवतीच्या लवचीक बहुवारिकाचे. म्हणजे धातू ऊर्जा गिळतो आणि आठवण ठेवते ते रबर!

परंतु सीमा हलण्यास लागणारा किमान दाब कणापर्यंत पोहोचलाच पाहिजे. बहुवारिक अतिमऊ असले, अथवा कणाची पकड सुटली, तर तो कण नुसता खडा ठरतो. शिवाय ठराविक तापमानापलीकडे जुळे थर नाहीसे होतात, आणि त्यांसमवेत हा गुणही.